गाणे विकताना गळाही लिहून का द्यायचा?

लालबाग, परळ, दादर, गिरगाव या पट्ट्यात गाण्यावाजवण्यावर पूर्ण नाही तरी अर्धेमुर्धे पोट चालवणारी माणसे पूर्वीपासून आहेत. बँजो पार्टीला गणपतीत आगमन-विसर्जनाच्या आणि लगीनसराईत हळदीच्या सुपाऱ्या मिळतात. कोकणातल्या गावांच्या, वाड्यांच्या नावाने चालणारी शक्ती-तुऱ्याची मंडळे, नमनवाले, डबलबारीचे बुवा यांचे कार्यक्रम गिरगावच्या साहित्य संघात आणि परळच्या दामोदर नाट्यगृहात होत आले. त्यातले दामोदर २०२३च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झाले. आता याच गल्ल्यांत मोबाईलवर बीट बांधून मराठीत रॅप लिहिणारी पोरेही आहेत. या सगळ्यांच्या मागे ना कंपनी, ना मॅनेजर, ना वकील. पूर्वी अशा मंडळींची गाणी कॅसेटवर, मग व्हीसीडीवर विकली जात. आज ती इंटरनेटवर विकली जातात. एखाद्या डिस्ट्रिब्युटरच्या अॅपवर खाते उघडायचे, वर्षाची फी भरायची किंवा कमाईतला वाटा कबूल करायचा, गाणे चढवायचे. थोड्याच दिवसांत ते स्पॉटिफाय, अॅपल म्युझिक, जिओसावन, इन्स्टाग्राम अशा सगळीकडे दिसू लागते. ही सोय मोठी आहे. कुठल्याही कंपनीच्या दारात ताटकळत न बसता लालबागच्या पोराचे गाणे दुबईतल्या चिपळूणकराच्या कानी पडते, हे तीस वर्षांपूर्वी कुणाच्या स्वप्नातही नव्हते. पण गाणे चढवण्याआधी एका चौकोनात टिचकी मारावी लागते, अटी मान्य असल्याची. त्या टिचकीने माणूस काय लिहून देतो आणि विक्रीसाठी एवढे लिहून घेण्याची गरज आहे का, याकडे आपले जवळजवळ लक्षच नाही.

या अटी इंग्रजीत असतात, लांबलचक असतात आणि कळीचा परिच्छेद बहुधा मध्येच कुठेतरी असतो. सगळ्या कंपन्यांचा मसुदा सारखा नाही, काहींचा पुष्कळ मर्यादित आहे. पण ज्यांचा सैल असतो त्यांचा साचा ठरून गेलेला आहे. गाणे चढवणारा माणूस कंपनीला त्या गाण्याचा परवाना देतो. हा परवाना जगभरासाठी असतो, कायमचा असतो, मागे घेता येत नाही, त्याबद्दल वेगळा मोबदला द्यावा लागत नाही. कंपनी तो दुसऱ्याला देऊ शकते, दुसरा तिसऱ्याला. गाणे साठवणे, ऐकवणे, विकणे यांच्याबरोबर ते बदलणे, त्याचे तुकडे करणे, त्यावरून नवी कृती तयार करणे हेही त्यात येते, आणि तेही आज असलेल्या किंवा पुढे कधीही निघणाऱ्या कोणत्याही माध्यमात. मालकी तुमचीच राहील, असे त्याच परिच्छेदाच्या आरंभी ठसठशीत लिहिलेले असते. कायद्याच्या भाषेत ते खरेही आहे. पण मालकाने करायचे ते सारे काही करण्याची मुभा दुसऱ्याला कायमची दिल्यावर मालकाकडे नाव तेवढे उरते. दिवाळीत दादरच्या दुकानात घरगुती फराळ विक्रीला ठेवणारी बाई दुकानदाराला कमिशन देते. भाजणीचे प्रमाण त्याच्या नावे करून देत नाही, आणि पुढच्या वर्षी माल ठेवायचा की नाही हे तिचे तीच ठरवते. गाण्याच्या दुकानालाही विकण्यापुरता अधिकार पुरतो. काम जेवढे, परवाना तेवढाच असावा, त्याहून जास्त मागणाऱ्याने वेगळे विचारावे आणि वेगळे पैसे मोजावेत, एवढेच माझे म्हणणे आहे. कॉपीराइटच्या कायद्यानेही ते म्हटले पाहिजे.

जास्तीचा परवाना कागदावर पडून राहतो, त्याने कुणाचे काय बिघडते, असे वाटू शकते. गेल्या काही वर्षांत जे घडले ते पाहावे. बँडकॅम्प हे स्वतंत्र कलाकारांचे लाडके दुकान २००८ साली सुरू झाले, आणि त्याच्या अटी कलाकाराच्या बाजूच्या मानल्या जातात. २०२२मध्ये ते व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सने विकत घेतले, २०२३मध्ये एपिकने ते साँगट्रेडरला विकले आणि जवळपास निम्म्या कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. दोन वर्षांत दोन मालक. ज्या माणसांवर विश्वास ठेवून गाणे ठेवले ती माणसेच तिथे उरत नाहीत. हस्तांतर करता येणारा परवाना मात्र नव्या मालकाकडे आपोआप जातो. भारतात २०२४ या एका वर्षात रेसो आणि विंक म्युझिक अशी दोन अॅप बंद झाली. सुरुवातीच्या सामाजिक माध्यमांपैकी एक असलेला मायस्पेस तर सर्व्हर बदलताना २००३ ते २०१५ या काळात चढवलेले संगीतच गमावून बसला. पाच कोटींच्या आसपास गाणी गेल्याच्या बातम्या २०१९ साली आल्या. म्हणजे गाणे सांभाळण्याची हमी कुणी देत नाही, हक्क मात्र कायमचा मागतात. पैशाचेही तसेच. स्पॉटिफायने २०२४पासून नियम केला की मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकले न गेलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळणार नाही. हिंदी सिनेमाच्या गाण्याला हा आकडा काही मिनिटांचा आहे. संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीच्या गणेशवंदनेला तो वर्षभरात गाठता येईलच असे नाही. गाणे दुकानात राहते, परवाना चालू राहतो आणि गाणाऱ्याच्या नावे शून्य जमा होते.

सर्वांत मोठा बदल कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे झाला. गाणी खाऊन गाणी तयार करणाऱ्या यंत्रांना रेकॉर्डिंगचा अफाट साठा लागतो, आणि तो साठा नेमका या दुकानांकडे आहे. त्यांतल्या साउंडक्लाउडने फेब्रुवारी २०२४मध्ये आपल्या अटींत एक कलम घातले. चढवलेले संगीत कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवण्यासाठी वापरता येईल, असा त्याचा अर्थ निघत होता. ते लोकांच्या ध्यानात यायला मे २०२५ उजाडले. मग कंपनीच्या प्रमुखांनी खुले पत्र लिहून सांगितले की असा वापर आम्ही कधी केलेला नाही, कलमाची भाषा नीट करू. त्यांच्या शब्दावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. पण पंधरा महिने ते कलम तिथे होते आणि त्या काळात लाखो लोकांनी ते मान्य केलेले होते. 'पुढे निघणारे कोणतेही माध्यम' हे शब्द ज्यांनी २०१० साली मान्य केले त्यांच्या मनात फार तर नव्या मोबाईलची रिंगटोन असेल. आपल्या गळ्याची नक्कल करणारे यंत्र त्यांच्या कल्पनेत असणे शक्यच नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४मध्ये अरिजित सिंग यांना आणि पुढच्या वर्षी आशा भोसले यांना त्यांच्या आवाजाची अशी नक्कल करण्याविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले. ते योग्यच झाले. पण तो मान त्यांच्या नावाला आणि वकिलाला होता. डबलबारीतल्या बुवाची गजर घेण्याची ढब, तिसऱ्या पट्टीत चढणारी त्याची हाक कुणी उचलली, तर त्याला कोर्टात जाण्याआधीच उत्तर मिळेल की 'नवी कृती तयार करण्याचा' परवाना तुम्हीच दिला होता.

लालबाग-परळच्या गिरणगावाला हा प्रश्न अगदीच नवा नाही. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा गाणे विकण्याचा विचारही कुणाच्या डोक्यात नव्हता. ते गिरण्यांच्या दारात, मैदानात आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत गायचे होते. पण त्याच सुमारास रेकॉर्ड कंपन्यांचा व्यवसाय स्थिरावलेला होता आणि तिथला रिवाज एकरकमी पैसे देऊन सगळे हक्क लिहून घेण्याचा होता. गीतकाराला, संगीतकाराला, गायकाला एकदा पाकीट मिळे. तबकडी पुढे कितीही वर्षे वाजली तरी हिशेब मिटलेला असे. साठच्या दशकात लता मंगेशकरांनी गायकाला रॉयल्टी मिळाली पाहिजे असा आग्रह धरला, तेव्हा महंमद रफींशी त्यांचे बिनसले आणि काही वर्षे दोघांनी एकत्र गायचे बंद केले, इतका तो विचार त्या काळी विचित्र वाटे. गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस ही संस्था १९६९ साली स्थापन झाली, पण १९७७मध्ये तिच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट निर्मात्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपण जोडून गायकांच्या हक्कांचा संसदेने विचार करावा असे सुचवले. संसदेला ते पूर्णपणे मनावर घ्यायला पस्तीस वर्षे लागली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी लावून धरल्यावर मे २०१२मध्ये कॉपीराइट कायद्याची दुरुस्ती मंजूर झाली आणि २१ जून २०१२पासून ती अमलात आली.

ही दुरुस्ती खरोखर चांगली आहे आणि ती कागदावरच राहिलेली नाही. तिने कलम १८मध्ये दोन मोठे बांध घातले. एक, करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचे हक्क करारात त्या माध्यमाचा नावानिशी उल्लेख असल्याशिवाय जात नाहीत. दोन, चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गीताच्या आणि संगीताच्या कर्त्याला रॉयल्टीचा समान वाटा घेण्याचा हक्क विकताही येत नाही आणि सोडूनही देता येत नाही. गरजेपोटी माणूस काहीही लिहून देईल, म्हणून त्याने लिहून दिले तरी ते चालणार नाही, असे संसदेने ठरवले. याच दुरुस्तीच्या बळावर मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३मध्ये एफएम रेडिओ कंपन्यांना गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी देण्याबाबत अंतरिम आदेश दिला. मग प्रश्न कुठे उरला? तो उरला या ठिकाणी की हे बांध 'हक्क लिहून देण्या'ला, म्हणजे विक्रीला घातलेले आहेत. इंटरनेटवरचे दुकान हक्क विकत घेतच नाही. ते परवाना घेते.

कायद्यात विक्री आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोघांची राखण सारखी नाही. हक्क विकायचे तर कलम १९नुसार लेखी करार आणि विकणाऱ्याची सही लागते. परवान्यासाठी पूर्वी कलम ३०मध्ये सहीची अट होती. २०१२च्या दुरुस्तीने ती काढली आणि आता नुसते लेखी असले की पुरते. टिचकीला जागा मिळाली ती तिथे. परवान्याला कलम १९ लागू होते, हे कलम ३०अ सांगते. त्यामुळे मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत, असे संरक्षण परवान्यालाही आहे. पण सैल मसुदा नेमका याच जागा भरून काढतो: मुदत कायमची, प्रदेश जगाचा. लिहिलेच असल्यामुळे कायद्याचे ते संरक्षण निकामी होते. आणि जे संरक्षण असे मोघम लिहून मोडता येत नाही, ते कलम १८चे नव्या माध्यमांबद्दलचे आणि रॉयल्टीबद्दलचे बांध, ते परवान्याला लागू असल्याचे कलम ३०अ म्हणत नाही. शिवाय कलम १९अमध्ये, करारातल्या अटी जाचक असल्या तर दाद मागण्याची सोय आहे. तीही पूर्वी परवान्याला लागू होती. २०१२मध्येच तो उल्लेख गळला. ज्या वर्षी संसदेने कलाकाराच्या घराचे पुढचे दार भक्कम केले, त्याच वर्षी मागची कडी सैल झाली. जाणूनबुजून कुणी केले असे मी म्हणत नाही. २०१२ साली फोनवरून गाणी विकण्याचा व्यवहार एवढा वाढेल असे आमदार-खासदारांच्याच काय, संगीताच्या धंद्यातल्या लोकांच्याही ध्यानात आले नसावे. कोर्टात याविरुद्ध युक्तिवाद करता येईल. रॉयल्टी सोडून देता येत नाही ही बंदी परवान्याच्या आडून मोडता कामा नये, असे एखादे न्यायमूर्ती म्हणतीलही. पण परळच्या मंडळाने त्या भरवशावर बसावे असे सांगणे बरे नव्हे.

या अटींची दुसरी बाजू तितकीच जड आहे. परवाना देणारा माणूस त्याच टिचकीने हमी देतो की या गाण्यातले सगळे हक्क माझे आहेत, आणि पुढे कुणी दावा केला तर कंपनीचा सगळा खर्च मी भरीन. आता जाखडीचे, म्हणजे शक्ती-तुऱ्याचे, एक मंडळ डोळ्यांपुढे आणावे. गीत शाहिराने लिहिलेले असते. चाल कधी त्याची, कधी गुरूची. ढोलकी एकाची, झांज दुसऱ्याची, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडवाला बाहेरून भाड्याने आणलेला, कोरसला सहा-सात पोरे. चित्रीकरण कुणा ओळखीच्या स्टुडिओवाल्याने केलेले. खाते मात्र ज्या मुलाला मोबाईलमधले कळते त्याच्या ईमेलवर असते. टिचकी तो मारतो. कायद्याच्या दृष्टीने ढोलकी वाजवणाराही कलाकार आहे आणि १९९४च्या आणि २०१२च्या दुरुस्तीने त्याच्या सादरीकरणावर त्याला स्वतःचा हक्क दिला आहे. व्यापारी वापर झाला तर रॉयल्टीही मागता येते. म्हणजे वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा कुणालाही न विचारता दहा-बारा जणांचे हक्क कायमचे देऊन टाकतो आणि त्यावर जोखीम स्वतःच्या नावावर घेतो. त्याला ते माहीत नसते, मंडळालाही नसते. वाद झालाच तर तो कुठे चालेल, तेही अटींत लिहिलेले असते. बहुतेकदा अमेरिकेतल्या एखाद्या राज्यात, लवादापुढे. फोर्टमधले उच्च न्यायालय लालबागहून बसच्या अंतरावर असून उपयोगाचे नाही.

कंपन्यांचा पहिला बचाव तांत्रिक असतो आणि तो टाकाऊ नाही. गाणे जगभर ऐकवायचे तर त्याच्या प्रती अनेक देशांतल्या सर्व्हरवर ठेवाव्या लागतात. मंद नेटवर्कसाठी ते दाबून लहान करावे लागते, म्हणजे एका अर्थाने बदलावे लागते. जाहिरातीत तीस सेकंदांचा तुकडा वापरावा लागतो. दुसऱ्या कंपन्यांची यंत्रणा भाड्याने घेतलेली असते, म्हणून उपपरवाना लागतो. हे सगळे मान्य. पण यांतल्या कुठल्याही कामाला 'कायमचा' आणि 'मागे न घेता येणारा' हे दोन शब्द लागत नाहीत. गाणे काढले की ठरावीक वाजवी मुदतीत परवाना संपतो, असे लिहिणाऱ्या कंपन्या आहेत आणि त्यांचा धंदा अडलेला नाही. ऐकवण्यासाठी फाइल दाबणे वेगळे आणि गाण्यापासून दुसरे गाणे पाडणे वेगळे, हे वाक्यात सहज वेगळे करता येते. यूट्यूबने डिसेंबर २०२४मध्ये इतर कंपन्यांच्या यंत्रांना आपले व्हिडिओ शिकवायला द्यायचे की नाही, हा पर्याय चॅनलवाल्यांच्या हाती दिला आणि मुळात तो बंद ठेवला. एक बटण वेगळे करणे शक्य आहे, हे त्यावरून सिद्ध झाले. जर्मनीच्या कॉपीराइट कायद्यात तर नियमच आहे: करारात वापराचे प्रकार नेमके सांगितलेले नसतील, तर करार ज्या हेतूसाठी झाला त्या हेतूपुरताच अधिकार गेला असे धरायचे. युरोपीय संघाच्या २०१९च्या निर्देशाने कलाकाराला योग्य प्रमाणात मोबदला आणि गाणे नुसते दाबून ठेवले तर हक्क परत मागण्याची सोय सदस्य देशांना बंधनकारक केली. स्पॉटिफाय, अॅपल, यूट्यूब तिथे आजही गाणी विकतात.

दुसरा बचाव जास्त कडक आहे: कुणी बळजबरी केली नाही, अटी वाचा, पटत नसतील तर दुसरीकडे जा. बाजारात खरी निवड असती तर मी हे मानले असते. पण ऐकणारे मोजक्या अॅपवर आहेत आणि तिथे जायचे तर कुणा ना कुणा डिस्ट्रिब्युटरच्या अटींवर टिचकी मारावीच लागते. घासाघीस करायला समोर माणूसच नाही. असा करार आपल्या कायद्याला अनोळखी नाही. १९८६ साली सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट विरुद्ध ब्रजनाथ गांगुली या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की दोन पक्षांच्या ताकदीत जमीन-अस्मानाचे अंतर असेल आणि दुबळ्याला ठिपक्यांच्या रेषेवर सही करण्यावाचून गत्यंतर नसेल, तर अशा करारातले जाचक कलम न्यायालय मोडू शकते. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'अनुचित करार' ही कल्पना आणली आणि त्याविरुद्ध राज्य आयोगाकडे जाण्याची वाट ठेवली. गाणे विकणारा धंदेवाईक असल्यामुळे ग्राहक नाही, असे कुणी म्हणेल. पण स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी सेवा घेणाऱ्याला तो कायदा ग्राहकच मानतो, आणि डिस्ट्रिब्युटरला वर्षाची फी देणारा गायक नेमका त्यात बसतो. ही वाट अजून कुणी गाणाऱ्याने फारशी तुडवलेली नाही. तुडवायला हवी.

तिसरा बचाव असा की कंपन्या या हक्कांचा गैरवापर करत नाहीत, आणि ओरड झाली की माघार घेतात. माघार घेतात हे खरे आहे. इंग्लंडचे गायक बिली ब्रॅग यांनी २००६ साली मायस्पेसच्या अटींवर बोट ठेवून आपली गाणी तिथून उतरवली आणि कंपनीने अटी बदलल्या. फेसबुकने २००९च्या फेब्रुवारीत, खाते बंद केल्यावरही परवाना चालू राहील असे केले आणि लोक खवळल्यावर काही दिवसांत ते मागे घेतले. स्पॉटिफायच्या फाइंडअवे व्हॉइसेसने फेब्रुवारी २०२४मध्ये ऑडिओबुकच्या कर्त्यांकडून नवी कृती तयार करण्यापर्यंतचे हक्क मागितले. लेखक-निवेदकांनी आवाज उठवताच मसुदा सुधारला. मला यातून उलटेच दिसते. ओरड झाल्यावर जे कलम काढता आले, ते धंद्याला आवश्यक नव्हते. आणि ओरडणारे प्रत्येक वेळी इंग्रजी वाचणारे, लिहिणारे, नाव असलेले लोक होते. कुडाळच्या बुवासाठी, शिवडीच्या बँजो पार्टीसाठी त्या अटी रात्री बसून कोण वाचणार? ज्याला जाग आहे त्याच्याच घरची चोरी टळावी, ही व्यवस्था होऊ शकत नाही.

एक आक्षेप आपल्याच माणसांकडून येतो आणि त्याला बगल देऊ नये. जाखडीत, भजनात, बँजोवर सिनेमाच्या चाली सर्रास उचललेल्या असतात. मग दुसऱ्याच्या चालीवर शब्द बसवणाऱ्याने हक्कांची भाषा कशाला करावी? चाल दुसऱ्याची असेल तर त्या चालीचे पैसे तिच्या कर्त्याला गेलेच पाहिजेत, आणि परवानगी न घेता ते गाणे विकणे चूक आहे, हे मंडळांनी स्पष्ट मान्य करावे. पण त्या चालीवरचे शब्द शाहिराचेच असतात, सादरीकरण मंडळाचेच असते आणि कायदा या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या धरतो. एका जागी चूक केली म्हणून दुसऱ्या जागचा हक्क बुडत नाही. उलट उसन्या चालीमुळे तर त्या हमीच्या कलमाचा धोका अधिकच वाढतो, म्हणून मंडळांनी आपले काय आणि दुसऱ्याचे काय हे आधी घरात बसून ठरवायला हवे.

ते ठरवण्यासाठी वकील लागत नाही. गीत कुणाचे, चाल कुणाची, वाजवले कुणी, खाते कुणाच्या नावावर आणि पैसे आले तर वाटणी कशी, एवढे एका कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात. स्वतः लिहिणाऱ्या-चाल बांधणाऱ्याने आयपीआरएसचे सभासद व्हावे. डिस्ट्रिब्युटर निवडताना तीन गोष्टी शोधाव्यात: गाणे काढल्यावर परवाना कधी संपतो, नवी कृती आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांबद्दल काय लिहिले आहे, आणि कंपनी विकली गेली तर काय होते. या तिन्हींपैकी एकाचेही सरळ उत्तर मिळत नसेल तर गाणे दुसरीकडे न्यावे. राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाने अशा अटींचा मराठी गोषवारा आणि मंडळांसाठी कराराचा नमुना काढला तर ते लोककलेच्या कुठल्याही महोत्सवाइतके उपयोगी काम होईल. पण कॉपीराइट हा केंद्राच्या सूचीतला विषय आहे. मूळ दुरुस्ती दिल्लीतच व्हावी लागेल. ती फार मोठी नाही. कलम १८मधले नव्या माध्यमांचे आणि रॉयल्टीचे बांध परवान्यालाही लागू करावेत, कलम १९अची दाद परवान्याला परत द्यावी, आणि विक्रीच्या कामापलीकडचा कोणताही हक्क वेगळ्या, स्पष्ट संमतीशिवाय जाणार नाही असे लिहावे. वेळही हीच आहे. केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाने डिसेंबर २०२५मध्ये एक कार्यपत्र काढून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांना सक्तीचा परवाना आणि हक्कदारांना रॉयल्टी अशी योजना चर्चेला ठेवली. त्या रॉयल्टीतला वाटा मागायला गेलेल्या शाहिराला 'तुमचा परवाना तर आम्हाला फुकट मिळालेला आहे' असे उत्तर मिळणार नाही, याची तजवीज आधी झाली पाहिजे. लालबाग, परळ, गिरगाव मुंबई दक्षिण मतदारसंघात येतात आणि दादर दक्षिण मध्य मुंबईत. गणपतीत मंडळांच्या मांडवात येणाऱ्या या दोन्ही खासदारांनी ही तीन वाक्यांची दुरुस्ती लोकसभेत मांडावी, आणि मंडळांनी ती त्यांच्याकडे लेखी मागावी.